बॅटरी, धक्का आणि एक डबा



मध्यंतरी धाकट्या मेहुण्याचा जालन्याहून फोन आला. "दाजी, तुमच्याकडं ते गाडी चालू करायचं यंत्र आहे म्हणे. मला पण घ्यायचंय, कोणतं घेऊ?" मी सांगायला सुरुवात केली आणि सवयीप्रमाणे 'बॅटरी म्हणजे काय' इथूनच सुरू झालो. दहा मिनिटांनी तो म्हणाला, "दाजी, तुम्ही लिहूनच टाका. मी सावकाश वाचतो." चौतीस वर्षं वर्गात बोलल्यावर माणसाला कुठलीही गोष्ट थोडक्यात सांगता येत नाही, हे आता घरातले सगळेच जाणून आहेत.

तर हे लिहिणं त्याच्यासाठी. आणि ज्यांच्या दारात एक गाडी आणि घरात दोनच म्हातारी माणसं आहेत, अशा सगळ्यांसाठी. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञान माझा विषय नव्हे. पण ही गोष्ट समजून घ्यायला मला पाचवी-सहावीच्या गणितापलीकडे काही लागलं नाही.

आधी साधा प्रश्न. गाडी नुसती उभी आहे, कोणी हात लावलेला नाही, तरी बॅटरी उतरते कशी?

उभी गाडी झोपलेली दिसते, पण ती पूर्ण झोपत नाही. आतलं घड्याळ चालू असतं, चोर-अलार्म जागा असतो, किल्लीची खूण ओळखणारं यंत्र जागं असतं, गाडीचा छोटा कॉम्प्युटर आपली आठवण सांभाळत बसलेला असतो. हे सगळे मिळून अगदी थोडी वीज घेतात. समजा ५० मिलिअँपिअर. चांगल्या गाडीत याहूनही कमी. आता गणित करा. दिवसाचे २४ तास गुणिले ५०, म्हणजे १२००. म्हणजे रोजची १.२ अँपिअर-अवर. आमच्यासारख्या छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. ३५ भागिले १.२, उत्तर २९. म्हणजे नवीकोरी, काठोकाठ भरलेली बॅटरीसुद्धा महिन्याभरात तळाला जाते. आणि इंजिन फिरवण्याची ताकद तर त्याच्या पुष्कळ आधीच संपते. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ना, तसंच थेंबे थेंबे रिकामंही होतं.

हे गणित आमच्या सगळ्या गल्लीने २०२० साली एकदमच सोडवलं. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २५ पासून टाळेबंदी. गाड्या जागच्या जागी. जून उजाडल्यावर लोकांनी कव्हरं काढली, किल्ल्या फिरवल्या, आणि गल्लीत सगळीकडून एकच आवाज यायला लागला - टक टक टक. नऊ चारचाक्यांपैकी सहा बंद! मी दर रविवारी सकाळी माझी गाडी थोडा वेळ चालू करून ठेवत होतो, म्हणून ती वाचली. त्या दिवसांत गॅरेजवाला एक मुलगा खांद्यावर जाडजूड वायरी टाकून दारोदार फिरायचा. एका चालू गाडीच्या बॅटरीला वायरी जोडून दुसरी बंद गाडी उठवायचा. दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या, मध्ये लाल-काळ्या वायरी. मास्क लावलेली मंडळी गच्चीवरून ते बघत असायची. दुसरं बघायला काही नव्हतंच.

त्या 'टक टक'चंही ऐकून ठेवा. तो आवाज आला म्हणजे बॅटरी अगदी मेलेली नाही. तिच्यात डॅशबोर्डचे दिवे लावण्याइतका जीव आहे. पण स्टार्टर मोटर सुरू करायला गेलं की तिचा दाब एकदम कोसळतो, आतला स्विच सुटतो, दाब पुन्हा थोडा वर येतो, स्विच पुन्हा लागतो, पुन्हा कोसळतो. आजारी माणूस कॉटवरून उठायला जातो, गुडघ्यात बळ नसतं, पुन्हा बसतो, तसं.

आता थोडा इतिहास, तेवढ्यावाचून माझं भागत नाही.

शिशाची आणि आम्लाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली केली. म्हणजे आपल्याकडचा सत्तावनचा उठाव नुकताच शमला होता तेव्हाची ही वस्तू. आजही आपल्या गाडीत मुळात तीच आहे. सहा खण, प्रत्येक खणात साधारण २.१ व्होल्ट, सहा गुणिले २.१ म्हणजे १२.६. बॅटरी पूर्ण भरलेली असली की मीटरवर हाच आकडा येतो. बाराच्या खाली आला की समजायचं, दुखणं आहे.

पण सुरुवातीच्या मोटारी या बॅटरीवर चालू होत नसत. पुढून लोखंडी हँडल घालून फिरवावं लागे. आमच्या लहानपणी गावात येणाऱ्या जुन्या मालट्रकांना हे हँडल असायचं. क्लिनर ते घालून अंगातली सगळी ताकद लावून फिरवायचा आणि आम्ही पोरं लांब उभी राहायचो. लांब का, तर इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल मनगटावर बसायचं. मनगटाजवळच्या त्या मोडीला डॉक्टरांच्या भाषेत 'शोफरचं फ्रॅक्चर' असं नावच पडलेलं आहे.

हे हँडल घालवलं ते अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या चार्ल्स केटरिंग यांनी. त्यांचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत पहिल्यांदा आला. त्याआधी हे गृहस्थ दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राच्या कारखान्यात होते. गल्ल्याचा खण विजेने उघडायचा, तर मोटर सतत चालायची गरज नाही, तिने फक्त क्षणभर जोर लावायचा, हे त्यांनी तिथे पाहिलं होतं. तीच युक्ती त्यांनी मोटारीत वापरली. इंजिन फिरवायला जोर प्रचंड लागतो, पण लागतो एक-दोन सेकंदच. हे वाक्य लक्षात ठेवा मंडळी, पुढे त्या डब्याची सगळी गंमत याच वाक्यात आहे.

आणि केटरिंगसाहेबांच्या स्टार्टरनेही हात टेकले, की मग आपला भारतीय उपाय. धक्का!

एस.टी.ला धक्का मारला नाही असा माझ्या पिढीचा मराठवाड्यातला माणूस विरळा. कंडक्टर दारातून ओरडायचा, "चला, पुरुष मंडळी खाली!" आणि धोतरं, पायजमे, कॉलेजची पोरं सगळी मागे लागायची. बस हुंकार देऊन सुरू झाली की पळत जाऊन चढायचं. त्या धक्क्यात ओळखी व्हायच्या. आमच्या गल्लीतही परवापरवापर्यंत तेच होतं. २००६ साली मी सेकंडहँड गाडी घेतली. तिची बॅटरी रुसली की मी नुसतं बॉनेट उघडून उभं राहायचो, की क्रिकेट खेळणारी पाच-सहा पोरं आपोआप यायची. "सर, तुम्ही बसा आत, सेकंड गिअर टाका." ही सगळी माझीच विद्यार्थी मंडळी किंवा त्यांची भावंडं.

आता मूळ गोष्टीवर येतो.

२०२१ चा डिसेंबर. रात्रीचे सव्वादोन वाजले असतील. सौ.ला दम्याचा त्रास आहे. तो त्या रात्री एकदम वाढला. पंप झाला, वाफ झाली, पण श्वास काही बसेना. तिच्या नखांचा रंग मला बरा दिसेना. "अहो, आता दवाखान्यातच चला," असं ती म्हणाली. जी बाई साधी क्रोसीन घ्यायला नाही म्हणते ती हे म्हणाली, तेव्हा मी समजलो.

गाडीत बसलो. किल्ली फिरवली. टक टक टक.

गाडी आदल्या दिवशी चाललेली होती. बॅटरी पावसाळ्यात तपासलेली होती. पण बॅटरीचं एक आहे, तिला मारतो उन्हाळा आणि बातमी देतो हिवाळा. आमच्या दारात सावली नाही. घराला पोर्च नाही, गाडी रस्त्याच्या कडेला. एप्रिल-मे महिन्यांत चाळीस-बेचाळीस अंशांत ती दिवसभर भाजते. उष्णतेने बॅटरीच्या आतल्या पट्ट्या गंजतात, पाणी उडतं. ते दिसत नाही. मग थंडीची एखादी रात्र येते, इंजिनातलं ऑइल जड होतं, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि चार उन्हाळ्यांचा हिशेब एका रात्रीत पुढ्यात येतो.

मी बाहेर आलो. समोरचे निवृत्त तलाठी काका दिवा लावून आलेच. त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. शेजारच्या घरात वरच्या खोलीवर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा भाड्याने राहत होता, तो अजून जागाच होता. तो खाली आला. मी स्टिअरिंगवर, मागे एक विशीतला आणि एक सत्तरीतला. गाडी हलली, पण गल्ली सपाट, वेग काही येईना. मी मागे आरशात बघितलं आणि मला एकदम जाणवलं की धक्का मारायला आता गल्लीत कोणीच नाही. ती क्रिकेटची पोरं पुण्यात आहेत, हैदराबादेत आहेत, एक तर दुबईत आहे. रात्री दोन वाजता ज्या खिडक्यांत दिवे लागले होते, त्या सगळ्या माझ्याच वयाच्या लोकांच्या.

आमच्या वस्तीचं नाव पुंडलिकनगर. ज्याने आईबापाची सेवा चालली आहे म्हणून देवाला विटेवर थांबवलं, त्याचं नाव. आणि निम्म्या घरांत आईबाप एकटे. मुलांना मी दोष देत नाही. त्यांना शिकवून बाहेर पाठवणारे आम्हीच, आणि माझी मुलगी तर विनिपेगला आहे. पण त्या रात्री ते नाव जरा बोचलं.

रुग्णवाहिकेला फोन केलेला होता, ती निघालीही होती. पण त्याआधी तो विद्यार्थी गजानन महाराज मंदिराच्या चौकाकडे पळत गेला आणि एक रिक्षा घेऊन आला. ऑक्सिजन लागला, इंजेक्शनं झाली, तिसऱ्या दिवशी सौ. घरी आली. सगळं ठीक झालं. पण मंडळी, दवाखान्यातल्या त्या बाकड्यावर बसून मला गाडीचा तो टक टक आवाजच ऐकू येत होता.

मुलीला कळलं तेव्हा ती आधी रडली, मग रागावली. मग म्हणाली, "बाबा, इथे उणे तीस होतं. गाडीला रात्री विजेचं प्लग लावून ठेवावं लागतं, इंजिन गरम राहावं म्हणून. आणि प्रत्येकाच्या घरात जंप स्टार्टर असतो. तुम्हाला मी पाठवते." मी नको नको म्हटलं. आठ दिवसांत कुरिअरवाला दारात. मराठी शिक्षकाला 'जंप स्टार्टर' म्हणवत नाही, म्हणून आमच्याकडे त्याला 'डबा' म्हणतात.

डबा केवढा, तर आपल्या शाळेतल्या कंपासपेटीहून थोडा जाड. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. मी तो हातात घेतला आणि पहिली शंका आली, एवढ्याशा वस्तूने गाडी कशी चालू होईल? गाडीची बॅटरी उचलायची म्हटलं तर माझी कंबर धरते.

मग वही घेऊन बसलो. डब्यावर लिहिलेलं - १२००० मिलिअँपिअर-अवर. गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवर, म्हणजे ३५०००. वाटलं, तिसरा हिस्सा आहे की! पण तसं नाही. डब्यावरचा आकडा आतल्या एका सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो, आणि गाडीचा १२ व्होल्टवर. म्हणून दोन्ही एकाच मापात आणायचे. १२ गुणिले ३.७ म्हणजे साधारण ४४ वॅट-अवर. ३५ गुणिले १२ म्हणजे ४२० वॅट-अवर. डबा बॅटरीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याचा.

मग तो गाडी कशी उठवतो? इथे केटरिंगसाहेबांचं वाक्य आठवा. छोट्या पेट्रोल गाडीची स्टार्टर मोटर समजा दीडशे अँपिअर ओढते, दहा व्होल्टवर, दोन सेकंद. म्हणजे दीड हजार वॅट, चांगल्या दोन घोड्यांची ताकद. पण दोनच सेकंद! दीड हजार गुणिले दोन, तीन हजार ज्यूल. वॅट-अवरमध्ये ०.८३. म्हणजे एकसुद्धा नाही. पोटात ४४ आहेत आणि खर्च एकाचाही नाही.

मग तेवढा एक वॅट-अवर तर उतरलेल्या बॅटरीतही असेलच की? असतो. पण तिला तो झटक्यात देता येत नाही. रांजणाच्या तळाशी चार तांबे पाणी आहे, पण तोटी गंजून थेंब थेंब गळते, तसं. लिथियमच्या या सेलचा गुण असा की पाणी थोडं, पण तोंड मोठं. घागर उपडी केल्यासारखी सगळी ताकद एकदम बाहेर. मोबाइलच्या साध्या पॉवर बँकेने गाडी चालू होत नाही ती यामुळेच. तिची तोटी पाच व्होल्टची आणि दोन-तीन अँपिअरची.

आणखी एक गंमत. अशा बऱ्याच डब्यांत तीन लिथियम सेल एकामागे एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेला एक सेल ४.२ व्होल्ट. तीन गुणिले ४.२, उत्तर १२.६. तिकडे सहा गुणिले २.१, तेही १२.६. प्लांते यांची १८५९ ची बॅटरी आणि आजचा हा डबा एकाच आकड्यावर भेटतात. हे मी सौ.ला मोठ्या आनंदाने दाखवलं. ती म्हणाली, "बरं. पण चिमटे कसे लावायचे ते सांगा."

लिथियमच्या या संशोधनाला २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि जपानचे योशिनो अशा तिघांना मिळून. गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते. नोबेल मिळवणाऱ्यांत सगळ्यांत वयस्कर. सत्तरीत आता काय शिकायचं म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

आता चिमटे. आमच्या फडताळाच्या दाराला सौ.च्या अक्षरात एक कागद चिकटवलेला आहे. तोच उतरवतो.

१. गाडीचे दिवे, पंखा, गाणी सगळं बंद. डबा निदान निम्म्याहून जास्त भरलेला आहे ना, पाहायचं.

२. बॅटरी फुगलेली, फुटलेली किंवा गळत असेल तर हात लावायचा नाही. मेकॅनिकला बोलवायचं. बॉनेटपाशी काडी, उदबत्ती, विडी काही नको. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो पेटतो.

३. लाल चिमटा अधिकच्या खुणेला, काळा वजाला. काळा इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावला तरी चालतो.

४. मग वायरीची पिन डब्यात खोचायची. हिरवा दिवा लागला तरच पुढे. लाल लागला किंवा कुईं कुईं वाजलं तर चिमटे उलटे लागले आहेत.

५. किल्ली फिरवायची, तीन-चार सेकंद, जास्त नाही. नाही झालं तर पूर्ण एक मिनिट थांबायचं. दोन-तीनदाच प्रयत्न.

६. गाडी चालू झाली की लगेच आधी पिन काढायची, मग काळा चिमटा, मग लाल.

७. गाडी बंद करायची नाही. निदान अर्धा-पाऊण तास चालवायची.

तुमच्या डब्याच्या पुस्तिकेत क्रम वेगळा दिला असेल तर तो पाळा. बॅटरी इतकी मेलेली असेल की डब्याला ती ओळखूच येत नाही, तर बऱ्याच डब्यांवर एक वेगळं बटण असतं. ते दाबलं की डबा न विचारता वीज सोडतो. पण त्या वेळी उलट्या चिमट्यांपासूनचं संरक्षण बहुधा बंद असतं, म्हणून ते बटण डोळ्यांत तेल घालूनच दाबायचं.

घेताना काय बघायचं? 'इतके हजार अँपिअर' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, तो आकडा क्षणभराचा असतो. त्याला भुलू नये. किती लिटरच्या इंजिनाला चालतो, पेट्रोल की डिझेल, हे बघावं. डिझेलला जोर जास्त लागतो. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी आहे का ते बघावं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात डबा गाडीत ठेवू नये. बंद गाडी आतून साठ अंशांवरही जाते आणि लिथियमला उष्णता अजिबात सोसत नाही. घरात, कोरड्या जागी ठेवावा, बाहेरगावी जाताना पिशवीत घ्यावा, आणि दर तीन महिन्यांनी भरावा. आम्ही गुढीपाडवा, आषाढी, दसरा आणि संक्रांत असे चार दिवस ठरवले आहेत. परदेशी नातेवाइकांनी विमानातून आणायचा झाला तर चेक-इनच्या बॅगेत टाकू नये. शंभर वॅट-अवरच्या आतला हातातल्या बॅगेत साधारणपणे चालतो, पण कंपनीला आधी विचारावं.

आणि हेही सांगतो, डबा म्हणजे सलाईन आहे, औषध नव्हे. महिन्यात दोनदा लावावा लागला तर बॅटरी बदला. घरात कोणी अत्यवस्थ असेल तर डबा शोधत बसू नका. पहिला फोन १०८ ला. २०१४ पासून आपल्या महाराष्ट्रात ही सोय आहे.

आमच्या डब्याला आल्यापासून सोळा वेळा काम पडलं. त्यातलं आमच्या गाडीसाठी एकदाच. बाकी सगळी गल्लीची. तलाठी काकांची, कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंची, एकदा भाजीवाल्याच्या टेम्पोची. या शहरात साठवण्याची सवय आहेच. नळाला कैक दिवसांनी पाणी, म्हणून टाक्या. भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर आले. पण टाकी ज्याची त्याची, इन्व्हर्टर ज्याचा त्याचा. डबा मात्र हिंडतो. पूर्वी वाटीभर विरजण न्यायला पोरं यायची, तसे आता डबा न्यायला येतात.

एकदा रात्री जेवताना सौ. म्हणाली, "अहो, त्या रात्री मी आजारी होते. उद्या तुम्ही पडलात तर? डबा लावून गाडी मी चालू करीन. पण चालवणार कोण?"

ती स्कूटरसुद्धा कधी चालवलेली नाही. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. इतकी आकडेमोड केली, १२.६ झालं, ०.८३ झालं, आणि हा प्रश्न वहीत आलाच नव्हता. डबा इंजिन उठवतो. पुढे स्टिअरिंगवर माणूसच लागतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चप्पल घातली आणि गल्लीत निघालो. प्रत्येक घरात एकच विचारायचं होतं : "रात्री दोन वाजता फोन केला तर गाडी चालवायला याल का?" मंडळी, सोपं नसतं हो हे विचारणं. चौतीस वर्षं ज्याने लोकांच्या पोरांना उठाबशा काढायला लावल्या, त्याला दुसऱ्याच्या दारात उभं राहून मागायचं म्हणजे जीभ जड होते. धक्का मागताना कधी असं झालं नाही, कारण धक्का मागावाच लागत नव्हता.

तलाठी काका म्हणाले, "मी येईन, पण रात्रीचं मला नीट दिसत नाही." डॉक्टरीणबाई लगेच हो म्हणाल्या. शेवटून दुसरं घर राहिलं होतं. त्या घराशी टँकरच्या पाळीवरून वाजल्याला चार वर्षं झाली होती, तेव्हापासून बोलणं बंद. मी फाटकापाशी क्षणभर थांबलो. परत फिरणारच होतो, तेवढ्यात त्यांचा मोठा मुलगा बाहेर आला. वाळूजला कंपनीत आहे, आठवड्याआड रात्रपाळी असते. मी विचारलं. त्याने ऐकून घेतलं, खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाला, "सर, नंबर सांगा. मिस्ड कॉल देतो, सेव्ह करा. रात्रपाळी असली तर आमची मिसेस येईल, ती चांगली चालवते."

त्याच्या वडिलांशी अजून माझं बोलणं नाही. पण हल्ली येता-जाता ते मान हलवतात, मीही हलवतो.

डब्याच्या पिशवीत आता चिमट्यांबरोबर एक चिठ्ठी असते. तिच्यावर पाच नावं आणि पाच नंबर आहेत, सौ.ला चष्म्याशिवाय वाचता यावेत एवढ्या मोठ्या आकड्यांत. डबा भरायच्या दिवशी आम्ही ती चिठ्ठीही तपासतो. कोण गावाला गेलं, कोणाची बदली झाली, कोणाची पाळी बदलली. आषाढीला एक नाव खोडावं लागलं, स्पर्धा परीक्षेच्या त्या विद्यार्थ्याचं. त्याला नोकरी लागली, परभणीला. पेढे घेऊन आला होता. त्याच्या जागी कोणाला विचारावं, याचा आमचा विचार चालू आहे. वरच्या त्याच खोलीत एक नवा मुलगा आला आहे, पण त्याला गाडी येते का हे अजून विचारलेलं नाही.

असो. बरंच लांबलं. तुमच्याकडे याहून सोपी काही युक्ती असेल तर जरूर कळवा.